हातावरची लाल पट्टी

"हौसामावशी, झेंडू वरच्या दांडीला बांधा हं. औषधांवर पाकळ्या पडायला नकोत," असं सांगून शिरगुप्पे सिस्टर मेट्रनच्या ऑफिसात पूजेला गेल्या. जाताना दारातून नव्या आवळे सिस्टरकडे वळल्या. "आणि आवळे, तेजूचं दहाचं औषध विसरू नको. मी येतेच."

खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्या इस्पितळात ज्याचं जे हत्यार त्याची पूजा व्हायची. ड्रायव्हर लोक गाड्या धुवायचे, ऑपरेशन थेटरात चिमटे-कात्र्या मांडायच्या, धोबीखान्यात इस्त्रीला हार घालायचे. स्टोअरवाले तर कपाटांना पानं बांधून, कुलूप लावून सकाळीच घरी जायचे. आमच्या मुलांच्या वॉर्डात पूजेचा मान औषधांच्या ट्रॉलीला होता. गेली अकरा वर्षं ती ट्रॉली मीच धूत होते. बदली कामगार म्हणून लागले होते. दिवाळीनंतर कायम होणाऱ्यांची यादी निघायची होती आणि माझं नाव तिच्यात चौथं आहे असं हेडक्लार्क साळोख्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.

"मावशी, ट्रॉलीला फूल, मग मला?" चार नंबरच्या बेडवरून तेजू ओरडली. विट्याकडची पोर, साडेचार वर्षांची. रक्ताच्या कॅन्सरची औषधं चालू होती, डोक्यावर एक केस नव्हता.

"तुला केस कुठायत गं फूल खोवायला?"

"कानावर लाव की!"

तिची आई शालन हसली. मी एक झेंडू तिच्या कानावर अडकवला आणि कामाला लागले.

तेव्हाची आमची पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या मुलांना रोज सुया टोचायला नकोत म्हणून छातीतून मोठ्या शिरेत एक बारीक नळी घातलेली असायची. औषध, रक्त, सगळं तिच्यातून. पण नळीत रक्त थांबलं की साकळतं आणि नळी बंद पडते. म्हणून प्रत्येक औषधानंतर तिच्यात थोडंसं हेपरिनचं पाणी भरून ठेवायचे. हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. रोज सकाळी आठला शिरगुप्पे सिस्टर मिठाच्या पाण्याच्या, म्हणजे सलाइनच्या, छोट्या बाटलीत बारक्या सिरिंजने मोजून थेंबभर हेपरिन घालायच्या. बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर लाल शाईने लिहायच्या. मग दिवसभर सगळ्या पोरांसाठी त्या एकाच बाटलीतून दोन-दोन, तीन-तीन मिली काढायचं.

ट्रॉलीच्या खालच्या, दोन्ही बाजूंनी उघड्या कप्प्यात तीन बाटल्या असायच्या. तिन्हींवर कंपनीचं छापलेलं लेबल सारखंच, सलाइनचं. डाव्या कोपऱ्यात हेपरिनची. मधली नळ्या धुवायची. उजवीकडची औषध कालवायची. मला वाचता येत नव्हतं, पण जागा पाठ होत्या. शिवाय ट्रॉलीच्या एका चाकाचं रबर निघालं होतं, त्याला मीच चिंधी गुंडाळली होती. हेपरिनची बाटली नेमकी त्या चिंधीच्या चाकावर यायची. अंधारात उभं केलं असतं तरी मी बरोबर बाटली काढून दिली असती.

त्या दिवशी मी ट्रॉली पुसली. बाटल्याही पुसल्या. हळदकुंकवाची बोटं लावायला गेले आणि थांबले. लाल अक्षराच्या पट्टीवर ओलं कुंकू लागलं तर सिस्टरांचं अक्षर झाकून जाईल. म्हणून मी पट्टीचं टोक नखाने उचललं, सावकाश सोडवली आणि माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली चिकटवली. पूजा झाली की परत लावायची. तिन्ही बाटल्यांना हळदकुंकू लावलं, होत्या त्या जागी ठेवल्या.

वॉर्डात लक्ष्मीची तसबीर भिंतीवर होती. ट्रॉलीचं तोंड देवाकडे हवं म्हणून मी ती फिरवून तसबिरीसमोर उभी केली. शालनने आरती म्हटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेजूने तर नुसत्या टाळ्या नाहीत, स्टीलचा वाटी-चमचाही वाजवला. मग मी पेढे वाटत वॉर्डभर फिरले. दोन पोरांच्या आया पूजेला आल्या नव्हत्या, त्यांना बाहेर व्हरांड्यात नेऊन दिले. त्यातल्या एकीने चहा पाजला.

चहाचा कप तोंडाला लावताना हातावरची पट्टी दिसली.

"अगं बया, ही राहिलीच की," म्हणत मी आत आले.

खाली वाकले तर कप्प्यात दोनच बाटल्या. डाव्या कोपऱ्यात एक, मध्ये एक. उजवी जागा रिकामी. मला हायसं वाटलं. डावी आहे ना, झालं. पट्टी सोडवली आणि डाव्या बाटलीला लावायला हात पुढे केला.

पण हात मध्येच थांबला. काहीतरी वेगळं होतं. सकाळी बाटल्या ठेवल्या तेव्हा समोर खिडकी होती. आता समोर भिंत होती, मी ट्रॉलीच्या मागच्या बाजूने वाकले होते.

मी खाली बसून चाकं पाहिली. चिंधीचं चाक उजवीकडे होतं. त्याच्यावरची जागा रिकामी. तिथं पत्र्यावर कुंकवाचं ओलं गोल वर्तुळ तेवढं उरलं होतं.

मी पळाले. चार नंबरच्या स्टँडला बाटली लटकत होती. हळदकुंकू लावलेली. अर्धी संपलेली. थेंब पडत होते आणि ते थेंब तेजूच्या छातीतल्या नळीतून आत चालले होते. तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे आलेली आवळे सिस्टर शेजारच्या बेडवर ताप बघत होती.

ड्रिपच्या नळीला एक पांढरं चाकाचं बटण असतं. मी त्याच्यावर अंगठा ठेवला आणि खालपर्यंत ओढलं. थेंब थांबले.

"मावशी! काय करताय?" आवळे सिस्टर ओरडली.

"बाटली चुकलीय."

"कुठली चुकलीय? हे बघा, सलाइन. छापलंय वर. स्टोअर बंद, दुसरी बाटली नव्हती, म्हणून दहाचं औषध कालवायला ट्रॉलीवरची घेतली. उजवीकडचीच घेतली मी!"

"ट्रॉली मी फिरवली. उजवी ती डावी झाली. ही हेपरिनची हाय."

हेपरिनचं नाव शालनच्या कानावर गेलं. "म्हंजी? मावशी, माझ्या पोरीला काय दिलंय ह्यांनी?" तिच्या आवाजाने राउंडवर आलेले डॉक्टर बिराजदार धावत आले. तरुण होते, तापट होते. माझा हात बटणावर बघितला आणि भडकले.

"ड्रिपला हात कुणी लावला? तुम्ही?"

"व्हय."

"नियम माहीत आहे ना? हात काढा आधी."

नियम मला चांगलाच माहीत होता. आदल्या वर्षी माझ्यासारख्याच बदलीवरच्या सुलाबाईने नुसती रिकामी बाटली बदलली होती, तर तिला त्याच दिवशी घरी बसवलं होतं.

"न्हाई काढणार," मी म्हटलं. "तुम्ही आधी ही नळी पोरीपासनं सोडवा. मग काढते."

"कशावरून म्हणताय चुकलीय?"

"चाकावरनं."

"कशावरून?"

"ट्रॉलीच्या चाकावरनं. चिंधी बांधलीय त्या चाकावरनं."

मला वेड लागलंय असंच त्यांना वाटलं असणार. आजूबाजूच्या आया गोळा झाल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला चक्कर आलीय." मी काही तेव्हा म्हातारी नव्हते, एक्कावन्नची होते. अंगठा मात्र मी हलवला नाही. दुसरा हात डॉक्टरांच्या तोंडासमोर धरला. पट्टी बोटांना चिकटली होती.

"मला वाचता येत न्हाई. तुम्हाला येतं. वाचा."

आवळे सिस्टरने ती पट्टी माझ्या बोटावरून सोडवली. "हेपरिन घातलं आहे," ती म्हणाली. "आजची तारीख. सकाळी आठ. शिरगुप्पे सिस्टरांची सही." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ही तुमच्याकडं कशी?"

"मी काढली. पूजेसाठी."

डॉक्टरांचा राग एका क्षणात गेला. राग गेलेला तो चेहरा मला रागापेक्षा जास्त भयानक वाटला. त्यांनी ड्रिप तोडली, बाटली उचलून बाजूला ठेवली. "ही फेकायची नाही. बाकीच्या दोन्ही पण इकडे आणा. तिच्या प्लेटलेट किती होत्या सकाळी?"

"अठरा हजार."

"प्लेटलेटची पिशवी मागवा. रक्त तपासायला पाठवा. आणि हे बघ, रक्त हातातून काढ. नळीतून नको. नळीत हेपरिन आहे, रिपोर्ट चुकेल."

रक्त गोठवणाऱ्या पेशी आधीच इतक्या कमी, त्यात हे. मला आकडे कळत नव्हते, पण वॉर्डात अकरा वर्षं काढल्यावर माणसांच्या आवाजावरून कळतं.

शालन माझा पदर धरून उभी होती. तिला काय सांगावं? "माझ्यामुळं झालंय, शालन," एवढंच म्हटलं. तिने पदर सोडून दिला आणि बेडच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

पाऊण तासाने तेजूच्या नाकातून रक्त आलं. थेंबभर, मग ओघळ. शिरगुप्पे सिस्टर परत आल्या होत्या. त्यांनी नाक चिमटीत धरलं. थकल्या की मी धरायचं, मी थकले की आवळे सिस्टरने. प्लेटलेटची पिवळी पिशवी आली, हाताला नवी सुई लावून ती चढवली. तेजूला त्याचं काही वाटत नव्हतं. नाक दाबलेल्या आवाजात तिने मला विचारलं, "मावशी, माझं फूल कुठाय?"

फूल उशीखाली चुरगळलं होतं. मी ते काढून पुन्हा कानावर लावलं.

"डॉक्टर, किती वेळ?" मी विचारलं.

"औषध दोन-तीन तासांत उतरायला लागतं. तोपर्यंत डोक्यात रक्तस्राव झाला नाही तर..." दर दहा मिनिटांनी ते तिला बोटं मोजायला लावत होते. तेजूला पाचपर्यंतच मोजता येत होतं. प्रत्येक वेळी ती पाचवर थांबून विचारायची, "पुढं काय?" आणि प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणायचे, "सहा."

रिपोर्ट आला. रक्त गोठायला लागायचा त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागत होता. म्हणजे बाटली तीच होती. माझं खरं ठरलं होतं आणि त्यात आनंद मानावा असं काही नव्हतं.

दुपारी दोनला नाक थांबलं. चारला दुसरा रिपोर्ट आला, तो बरा होता. तेजूने वरण-भात मागितला. सहाव्या बोटावर पोचल्यावर न विचारता "सहा" म्हणाली.

धुतलेल्या चादरींच्या खोलीत आवळे सिस्टर रडत बसली होती.

"मी वाचलं होतं, मावशी," ती म्हणाली. "न वाचता नाही घेतली हो. बाटलीवर होतं ते सगळं वाचलं होतं."

"बाटलीवर न्हवतं ते माझ्या हातावर हुतं," मी म्हटलं. "ऊठ. तोंड धू. पोरगी जेवतीय."

दुसऱ्या दिवशी दसरा. ऑफिस बंद असतं, पण मला बोलावणं आलं. साळोखे क्लार्क, मेट्रन आणि शिरगुप्पे सिस्टर बसले होते. टेबलावर कागद तयार होता. शेजारी शाईचा पॅड उघडून ठेवला होता.

"मावशी, इथं अंगठा उमटवा," साळोखे म्हणाले. "साधा जबाब आहे."

"काय लिवलंय?"

"झालं तेच."

"वाचा की मग."

ते कंटाळून वाचायला लागले. सकाळी दहा वाजता नवीन परिचारिका श्रीमती आवळे यांनी लेबल न तपासता बाटली वापरली, सेविका हौसाबाई कोळेकर यांनी प्रसंगावधान राखून ती थांबवली.

"आणि पट्टी?" मी विचारलं.

"कसली पट्टी?"

"मी काढलेली. ती कुठं लिवलीय?"

साळोखे खुर्चीतून पुढे झुकले. त्यांनी आवाज खाली आणला. वाईट माणूस नव्हता तो. "मावशी, यादी वर गेलेली आहे. चौथं नाव आहे तुमचं. ती पोरगी नवीन आहे, तिला दुसरीकडे कुठंही लागेल. तुम्ही कशाला अंगावर घेता? तुमचंच कौतुक लिहिलंय."

"ते कौतुक काढा. पट्टी लिवा."

"अहो..."

"मी पट्टी काढली. मी ट्रॉली फिरवली. तिनं वाचलं ते बरोबर वाचलं. असं लिवा. न्हाईतर हा अंगठा माझाच हाय, माझ्याच हाताला राहू दे."

शिरगुप्पे सिस्टरांनी कागद आपल्याकडे ओढला. वीस वर्षं त्या वॉर्डात होत्या. त्यांच्या समोर मोठे डॉक्टरही आवाज चढवत नसत.

"साळोखे, नवीन कागद घ्या," त्या म्हणाल्या. "आणि तिसरं पण लिहा. छापील सलाइनच्या बाटलीत औषध मिसळून ती दिवसभर सगळ्यांसाठी उघडी ठेवायची पद्धत माझी होती. काल मावशीनं पट्टी काढली. उद्या ती पाण्याने सुटली असती. बाटलीवर एक छापलेलं आणि आत दुसरंच, हे मी वीस वर्षं चालवलं."

साळोख्यांनी लिहिलं. मी ते शिरगुप्पे सिस्टरांकडून एकदा आणि आवळे सिस्टरला बोलावून तिच्याकडून एकदा वाचून घेतलं. दोघींनी सारखंच वाचलं, तेव्हा अंगठा दिला.

यादीतून माझं नाव गेलं. तीन वर्षांनी परत आलं. आवळे सिस्टरची नोकरी राहिली, शिरगुप्पे सिस्टरांना मेमो मिळाला. तो त्यांनी ड्यूटीरूमच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लावून ठेवला होता, कपाट उघडलं की दिसायचा. आठवडाभरात ती सगळ्यांची बाटली बंद झाली. ज्या पोराला लागेल त्याच्यासाठी त्याच वेळी सिरिंज भरायची, जिने भरली तिनेच लगेच पट्टी लावायची, दुसऱ्या सिस्टरने ती मोठ्याने वाचायची, आणि उरलेलं टाकून द्यायचं. पुढच्या खंडेनवमीला ट्रॉली आधी पूर्ण रिकामी केली, मग हळदकुंकू लावलं.

शालन मात्र माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. नंतर एक दिवस तेजूला आंघोळ घालायला तिला कुणी मदतीला हवं होतं, तेव्हा तिने हाक मारली, "मावशी, जरा पाणी ओता." मी ओतलं. घरी जायच्या दिवशी तेजूने मला वीसपर्यंत मोजून दाखवलं, मधला तेरा गाळून.

ती पट्टी डॉक्टर बिराजदारांनी कागदपत्रांत लावायला मागितली होती. आवळे सिस्टरने त्यांना तिची नक्कल करून दिली आणि खरी माझ्या हातात ठेवली. "तुमच्याकडं राहू दे," म्हणाली. मी ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवली.

त्याच हिवाळ्यात नगरपालिकेच्या शाळेत संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग सुरू झाला. मी पहिल्या दिवशी गेले. पाटोळे गुरुजींच्या पुढे आम्ही अकरा बायका आणि एक हमाल. गुरुजींनी सगळ्यांना पाट्या दिल्या.

"पहिल्यांदा आपापलं नाव लिहायला शिकायचं," ते म्हणाले. "म्हणजे कुठं अंगठा द्यायला नको. हं, मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा. मी पाटीवर काढून देतो."

मी पिशवीतून पुठ्ठा काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"गुरुजी, आधी हे लिवायला शिकवा," मी म्हटलं. "माझं नाव काय हाय, ते मला ठाऊक हाय."